अभियंत्यांच्या शाखेत नव्यानं येताय? बेळगावात काम कसं सुरू करावं

उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका संध्याकाळी आमच्या शाखेचं, म्हणजे अभियंत्यांच्या संस्थेच्या स्थानिक शाखेचं, ग्रीन सँडवर (ओतकामाचे साचे करायच्या ओलसर वाळूवर) व्याख्यान चाललं होतं. वक्ते बाहेरगावचे, विषयात मुरलेले, पण बोलणं सगळं इंग्रजीत. पडद्यावर कॉम्पॅक्टॅबिलिटीचा आलेख होता. वाळूत पाणी किती, बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) किती आणि ठोकल्यावर ती किती दबते, असं समजावणं चाललं होतं. मागच्या दोन ओळींत मोल्डिंगचे, म्हणजे साचे करणारे मिस्त्री बसले होते, पाळी संपवून थेट आलेले. माझ्या शेजारचे मिस्त्री बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली आणि हळूच विचारलं, "मुठीचंच सांगालेत न्हवं, मॅडम?"

खरंच मुठीचंच चाललं होतं. वाळू मुठीत घट्ट आवळायची. गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उमटले आणि गोळा मधोमध मोडल्यावर कडा शाबूत राहिल्या, तर वाळू बरोबर. कडा झडल्या तर ती कोरडी, म्हणजे साच्याची वाळू सुटून कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात जाणार. तळहाताला चिकटली तर पाणी जास्त, म्हणजे धातूचा रस ओतल्यावर वाफ धरणार आणि ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ्या येणार. प्रयोगशाळेच्या भाषेत हाच साधारण तीन ते चार टक्के ओलावा. मी उभी राहून वक्त्यांना मिस्त्रींचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. त्यांनी लगेच शेजारच्या कारखान्यातून बादलीभर वाळू मागवली आणि मिस्त्रींना पुढं बोलावलं. पुढचा पाऊण तास मिस्त्री मूठ वळून दाखवत होते, वक्ते त्यामागचं कारण सांगत होते आणि मी दोघांच्या मध्ये उभी होते.

शाखेला स्वयंसेवक म्हणून कसली माणसं हवी असतात हे मला त्या दिवशी नेमकं कळलं. आपल्या भागात तंत्रज्ञान बहुतेक इंग्रजीतून येतं, आणि काम मराठीत, कन्नडमध्ये, हल्ली हिंदीतही होतं. या दोन टोकांच्या मध्ये उभं राहणारी माणसं कायम कमी पडतात. हा लेख अशा नव्या माणसांसाठी आहे. नुकतीच पदवी किंवा डिप्लोमा झालेले, कारखान्यात लागून दोन-तीन वर्षं झालेले, महाविद्यालयात शिकवणारे, किंवा निवृत्त होऊन हाताशी वेळ असलेले, कुणीही. मी एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघते आणि शाखेचं काम फावल्या वेळात करते. इथं लिहिलेलं कुठल्याही शाखेला लागू पडेल, म्हणून माझ्या शाखेचं नाव घेत नाही.

आधी दार कुठलं ते ठरवा

अभियंत्यांची संस्था म्हटलं की डोळ्यांपुढं एकच संस्था येते, पण तसं नाही. सर्वांत जुनी आणि सगळ्या विषयांच्या अभियंत्यांना सामावणारी म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया). ती १९२० सालची, मुख्यालय कोलकात्याला. ओतकामवाल्यांची वेगळी संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन, स्थापना १९५०. बेळगावात फाउंड्र्यांचा पसारा एवढा मोठा आहे की इथं ओतकामाचे विषय कुठल्याही व्यासपीठावर निघतातच. विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांमध्ये आयएसटीई (तंत्रशिक्षण), आयईईई (विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स), एसएई (वाहन अभियांत्रिकी) अशा संस्थांच्या विद्यार्थी शाखा असतात.

सुरुवातीला माझा सल्ला एवढाच, की रोजच्या कामाला जी जवळची ती निवडा. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटाईच्या यंत्रावर काम करणारा माणूस ओतकामाच्या व्याख्यानाला आला तर त्याला फायदा होतोच, पण जबाबदारी घ्यायची तर विषय अंगात भिनलेला हवा. स्थापत्यवाल्यांनी पाणी, रस्ते, इमारती यांवर कार्यक्रम घेणारी शाखा बघावी. निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींनी कोल्हापूरच्या शाखांचाही विचार करायला हरकत नाही. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, आणि तिथलं फाउंड्री आणि मशीनशॉपचं जग आपल्यासारखंच आहे.

सभासदत्वाबद्दल दोन शब्द. पदवीधर, डिप्लोमाधारक, विद्यार्थी अशा वेगवेगळ्या पायऱ्या असतात आणि शुल्कही वेगळं असतं. पण काम करायला आधी सभासद व्हावं लागतं असं कुणी सांगितलं तर थोडं थांबा. बहुतेक ठिकाणी हातभार लावणाऱ्याला कुणी पावती विचारत नाही. सहा महिने काम करा, मन रमलं तर अर्ज भरा. पदाधिकारी मात्र सभासदालाच होता येतं.

पहिले दोन कार्यक्रम नुसतं बसा

पहिल्याच दिवशी "मी काय करू?" असं विचारत फिरू नका. मागच्या बाजूला बसा आणि बघा. कोण दार उघडतं, कोण प्रोजेक्टर जोडतं, नोंदवहीवर सही कोण घेतं, चहा कधी येतो, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण रचतं. बेळगावातल्या बऱ्याच शाखा अशा चार-पाच माणसांवर चालतात, आणि त्यातली निम्मी पन्नाशीच्या पुढची असतात. नेमकी कुठली गोष्ट एकट्याच्या खांद्यावर आहे ते दोन कार्यक्रमांत कळतं.

अजून एक बघायचं, ते म्हणजे उठून जाणारी माणसं. कुठल्या मिनिटाला, कुठल्या ओळीतली माणसं घड्याळ बघू लागली ते लक्षात ठेवा. आमच्याकडं मागच्या ओळी आधी रिकाम्या व्हायच्या. दूरच्या माणसांची बस जाते म्हणून असं होतं, असं आम्हाला वाटायचं. विचारल्यावर कळलं की बसचा प्रश्न दोघा-तिघांचाच होता, बाकीच्यांना बोलणं कळत नव्हतं.

वर्षाचा अंदाज घ्या

शाखेचं वर्ष काही ठरलेल्या दिवसांभोवती फिरतं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, त्याच दिवशी जागतिक अभियांत्रिकी दिनही असतो. २२ मार्च जल दिन, ११ मे तंत्रज्ञान दिन, ५ जून पर्यावरण दिन, १४ डिसेंबर ऊर्जा संवर्धन दिन. आणि सगळ्यांत मोठा १५ सप्टेंबर, अभियंता दिन.

या शेवटच्या दिवसाबद्दल मला जरा जास्त सांगावंसं वाटतं. १५ सप्टेंबर हा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, साल १८६१, गाव मुद्देनहळ्ळी. अभियांत्रिकीचं शिक्षण त्यांनी पुण्यात घेतलं, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केली, नाशिक-खानदेशात कामं केली. खडकवासल्याला १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते त्यांनीच. पुढं म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ पासून दिवाण. कन्नड मुलखात जन्मलेला आणि मराठी मुलखात घडलेला हा माणूस सीमाभागाला अगदी जवळचा आहे. बेळगावातलं तंत्रज्ञान विद्यापीठ त्यांच्याच नावाचं, १९९८ सालचं, मच्छेजवळच्या ज्ञानसंगम परिसरातलं. शाळेत अभियंता दिनाचं भाषण करायला गेलात, तर धरणाची उंची आणि पुरस्कारांची यादी सांगत बसू नका. पाण्याची पातळी वाढली की दरवाजे आपोआप वर कसे उचलले जातात, ते बादली आणि दोरी घेऊन दाखवा.

एक अडचण लक्षात ठेवा. अभियंता दिन बऱ्याचदा गणेशोत्सवात येतो. २०२४ मध्ये अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, आणि बेळगावात विसर्जनाच्या आधीचे दोन दिवस कुणाला सभागृहात आणणं अवघड असतं. अशा वर्षी कार्यक्रम आठवडाभर पुढं ढकलला तर कुणी रागावत नाही. खंडेनवमीच्या आसपासही कारखान्यांत झाडलोट, रंगकाम आणि पूजेची गडबड असते. त्या दिवसांत भेटी ठरवू नका.

महिनाअखेर टाळा

हे वेगळं लिहितेय, कारण मी स्वतः यात ठेचकाळले आहे. पहिल्यांदा माझ्यावर एका व्याख्यानाची पूर्ण जबाबदारी आली, तेव्हा मी वक्त्यांच्या सोयीची तारीख पक्की केली. चाळीस खुर्च्या मांडल्या, पेढे आणले, बॅनर लावला. तारीख होती ३० आणि माणसं आली नऊ. त्यातले दोघं महाविद्यालयाचे, एक वक्त्यांचा मित्र. फाउंड्री असो की मशीनशॉप, महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत सगळी धावपळ डिस्पॅचची, म्हणजे तयार माल पाठवायची असते. सुपरवायझर जागा सोडू शकत नाही, मालक गाडी भरण्यापाशी उभा असतो. हे मला नोकरीतून माहीत असायला हवं होतं. वक्ते काही बोलले नाहीत, नऊ जणांना मनापासून शिकवलं, पण पुन्हा बोलवायला मला दोन वर्षं धीर झाला नाही.

तेव्हापासून मी ५ ते २० या तारखा धरते, आणि शनिवारी संध्याकाळी पाच किंवा सहाची वेळ ठेवते. मार्चचे शेवटचे पंधरा दिवस पूर्ण सोडते. विद्यार्थी हवे असतील तर विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक आधी बघते. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरकडची माणसं संध्याकाळी येतील अशी अपेक्षा ठेवत नाही. तिकडचा पाऊस बेळगावच्या पावसापेक्षा वेगळा असतो, आणि रात्री जंगलातल्या रस्त्यानं मोटारसायकलवर घरी जायचं असतं.

दुभाष्याचं काम

शाखेला सगळ्यांत जास्त गरज याचीच आहे, आणि याच कामाला कुणी आपणहून पुढं येत नाही. "मला कन्नड लिहिता येत नाही", "माझी मराठी शुद्ध नाही", "तांत्रिक शब्दांना मराठी शब्दच नाहीत" अशी कारणं ऐकू येतात. यातलं शेवटचं कारण तर खरंच नाही. कारखान्यात शब्द आहेतच. पॅटर्न (साच्याचा नमुना), कोअर (पोकळीसाठीचा गाभा), लॅडल (रस ओतायचं भांडं), फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) हे शब्द सगळे वापरतात, ते तसेच ठेवा. त्यांचं संस्कृत भाषांतर करायला जाल तर मिस्त्री दुसऱ्या मिनिटाला सोडून देतील. अडतं ते पुस्तकी शब्दांवर. परमिएबिलिटी म्हटलं की चेहरे कोरे होतात. "साच्यातून हवा बाहेर पडायला वाट किती आहे" म्हटलं की माना डोलतात, आणि लगेच कुणीतरी विचारतो, "मग बारीक वाळू घेतली तर हवा अडणार की?" हा प्रश्न आला म्हणजे तुमचं काम झालं.

सुरुवात अशी करा. व्याख्यानाच्या आठवडाभर आधी वक्त्यांकडून स्लाइड मागून घ्या. त्यातले अवघड वाटणारे आठ-दहा शब्द वेगळे काढा. एखाद्या मिस्त्रींना किंवा शॉपफ्लोअरवरच्या सुपरवायझरला फोन करून विचारा, "अहो काका, तुमच्याकडं याला काय म्हणता?" मराठी माणसाला विचारा, तसं कन्नड माणसालाही विचारा. वाळूला बेळगावच्या कन्नडमध्ये उसुकु म्हणतात, बेंगळूरहून आलेला माणूस मरळु म्हणतो. असे बारकावे पुस्तकात मिळत नाहीत. या शब्दांचा एक कागद छापून खुर्च्यांवर ठेवा, तीन रकाने, एका बाजूला मावेल एवढाच.

व्याख्यानात प्रत्येक वाक्याचं भाषांतर करू नका, त्यात दोघांचीही दमछाक होते. दर दहा मिनिटांनी वक्त्यांना थांबायला सांगा आणि तोवर झालेलं दोन मिनिटांत बोलीभाषेत सांगा. वक्त्यांना हे आधीच कळवलं तर ते आनंदानं थांबतात. प्रश्नोत्तरांच्या वेळी मिस्त्रींचा प्रश्न तुम्ही इंग्रजीत सांगा, पण आधी माईक त्यांच्याच हातात द्या. आपला आवाज सभागृहात ऐकू आला की माणूस पुढच्या वेळी परत येतो, हे मी बघितलंय.

सुरक्षेच्या पाट्यांना हेच लागू. वितळलेल्या धातूत किंवा त्याच्याखाली पाणी गेलं तर त्याची एका क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. कास्ट आयर्नचा रस ओतताना तापमान चौदाशे अंशांच्या आसपास असतं. त्यात ओलं भंगार पडलं तर भट्टीतून रस उडतो, माणसं भाजतात. "पाणी टाकू नका" आणि "नीरु हाकबेडि" या दोन ओळी आणि खाली एक चित्र, एवढी पाटी भट्टीजवळ पुरते. आता बिहार-ओडिशाकडचे कामगारही खूप आहेत, म्हणून हिंदीची एक ओळ आणखी. सुरक्षा दिनाला शाखेनं अशा पाट्या तयार करून छोट्या कारखान्यांना दिल्या तर ते भाषणापेक्षा मोलाचं काम होतं. त्यासाठी शुद्धलेखन तपासणारा एक कन्नड आणि एक मराठी शिक्षक लागतो. या कामाला शिक्षक नाही म्हणत नाहीत.

बॅनर करताना कन्नड वरती आणि ठळक ठेवा, मराठी आणि इंग्रजी खाली घ्या. कर्नाटकात नामफलकांवर साठ टक्के कन्नड हवं हा नियम सगळ्यांना माहीत आहे, आणि कार्यक्रमाच्या दिवशी बॅनरवरून वाद होणं कुणालाच परवडत नाही. सीमाप्रश्नावर प्रत्येकाचं मत असतं, माझंही आहे. पण शाखेच्या खोलीत समोरचा कुठल्या भाषेत समजून घेईल एवढंच मी बघते, आणि नव्या माणसानंही तेच बघावं असं मला मनापासून वाटतं.

शाळांमध्ये जाणं

दुभाष्याच्या कामाचंच दुसरं रूप शाळेत दिसतं. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत मराठी माध्यमाच्या शाळा बऱ्याच आहेत. दहावीनंतर त्यातली हुशार मुलं पॉलिटेक्निकला जातात आणि पहिल्या सहा महिन्यांत गप्प होतात. विषय अवघड असतो म्हणून नव्हे, सगळं एकदम इंग्रजीत आलेलं असतं म्हणून.

एका शाळेत आम्ही एकाच मापाचे दोन ठोकळे नेले होते, एक कास्ट आयर्नचा, एक अॅल्युमिनियमचा. एका मुलीनं दोन्ही हातांत घेतले, तोलून बघितले आणि म्हणाली, "याची घनता जास्त आहे." मग वस्तुमान भागिले आकारमान हेही तिनं न अडखळता सांगितलं. आम्ही फळ्यावर आकडे लिहिले: दर घनसेंटिमीटरला एकाचे सुमारे ७.२ ग्रॅम, दुसऱ्याचे २.७. तास संपल्यावर ती जवळ आली आणि विचारलं, "मॅडम, माझ्या भावाच्या पुस्तकात डेन्सिटी म्हणून आहे, ती म्हणजे घनताच का?" भाऊ डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्याच धड्यात अडकला होता. मी हो म्हटल्यावर ती धावत वर्गात गेली आणि वहीत ते लिहून घेतलं. त्या एका शब्दामुळं मी शाळांच्या भेटी कधी बंद होऊ दिल्या नाहीत.

या कामाला भाषण करणारा माणूस नको. हाताळायला वस्तू नेणारा, दोन्ही भाषांतले शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिणारा आणि मुलांची बडबड चालू देणारा माणूस हवा. दाब आणि प्रेशर, वेग आणि व्हेलॉसिटी, घर्षण आणि फ्रिक्शन, असे वीसेक शब्द पुरतात. मुख्याध्यापकांना आधी पत्र द्या, विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना फोन करून कुठला धडा चालू आहे ते विचारा. आणि दहावीनंतर डिप्लोमा, त्यानंतर डीसीईटी ही डिप्लोमाधारकांची प्रवेश परीक्षा देऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट आई-वडिलांना समजावून सांगा. बऱ्याच घरांत ती अजून माहीत नाही.

कारखाना दाखवायला नेताना

विद्यार्थ्यांना कारखाना दाखवणं हे शाखेचं आवडतं काम आहे, आणि सगळ्यांत जोखमीचंही. पहिल्या वेळी जुन्या स्वयंसेवकाबरोबर जा, एकट्यानं नेऊ नका.

परवानगीचं पत्र दोन आठवडे आधी द्या. मुलांची यादी, किती जण, किती वाजता, कुणाच्या जबाबदारीवर, सगळं त्यात असावं. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे भाग बनतात, अशा ठिकाणी ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत आणि फोटो काढता येत नाहीत. मुलांना हे बसमध्ये बसतानाच सांगा, गेटवर वाद नको.

फाउंड्रीला नेत असाल तर आदल्या दिवशी प्रत्येकाला कळवा: सुती कपडे, बंद बूट. नायलॉन, पॉलिस्टर अंगावर वितळून चिकटतं. ओढणी, मोकळे केस, लोंबणारं ओळखपत्र चालत नाही. पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवायच्या, कारण वर लिहिलंच आहे. एका स्वयंसेवकामागं दहा-बारा मुलं, त्याहून जास्त नकोत. आत जाताना डोकी मोजा, बाहेर आल्यावर पुन्हा मोजा. ओतकाम चालू असताना पिवळ्या रेषेच्या आत कुणी पाय टाकला तर प्राचार्यांचा मुलगा असला तरी मागं ओढा. त्या वेळी भीड धरू नका.

गोकाकची सहल मात्र मला फार आवडते. घटप्रभेवरचा तो धबधबा सुमारे बावन्न मीटरचा, आणि त्याच्या पाण्यावर १८८७ साली वीज तयार झाली असं सांगतात. एवढ्या लवकर आपल्या भागात जलविद्युत होती हे मुलांना खरं वाटत नाही. पाणी किती उंचीवरून पडतं आणि किती पडतं यावरून किती वीज मिळेल, ते तिथंच दगडावर बसून काढायला लावा. पावसाळ्यात धबधबा बघण्यासारखा असतो, पण कातळ निसरडा असतो. कडेपासून लांब राहायचं हे आधी ठरवून जा, आणि एक स्वयंसेवक नुसता कडेकडं पाठ करून मुलांवर लक्ष ठेवायला ठेवा.

बाकीची कामं

फोन करणारा माणूस हवा. व्हॉट्सअॅपवरचा संदेश सगळे बघतात आणि विसरतात. आदल्या दिवशी वीस फोन केले तर पंधरा माणसं येतात. हे काम घरी बसून, रात्री जेवणानंतर करता येतं, आणि लहान मुलं असलेल्या आयांनी हे आमच्याकडं उत्तम केलंय.

हिशेब ठेवणारा हवा. पेढ्यांचं बिल, बॅनरचं बिल, वक्त्यांना दिलेल्या कुंद्याच्या (बेळगावची मिठाई) डब्याचं बिल, सगळं त्याच दिवशी एका पाकिटात. मंजुरी न घेता खिशातले पैसे घालू नका. परत मागायला संकोच वाटतो आणि मनात अढी बसते.

प्रोजेक्टर, माईक, एक्स्टेन्शन बॉक्स, एचडीएमआय केबल आणि सेल यांची एक पेटी ज्याच्याकडं असते तो माणूस शाखेचा प्राण असतो. अर्धा तास आधी येऊन सगळं जोडून बघा.

विद्यार्थ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करायला कारखान्यातली माणसं हवी असतात. कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान मंडळाच्या योजनेतून निवडक प्रकल्पांना पैसेही मिळतात. पण अर्जात खरा प्रश्न असावा लागतो, आणि तो तुमच्या शॉपफ्लोअरवर पडलेला असतो. महिन्याला सर्वांत जास्त रिजेक्शन, म्हणजे माल नापास होणं, कुठल्या कारणानं होतं, एवढं एक वाक्य दिलंत तरी चार मुलांना वर्षभराचं काम मिळतं. कंपनीची गुपितं, ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग यातलं काही बाहेर देऊ नका, आणि साहेबांची परवानगी तोंडी नको, मेलवर घ्या.

किती वेळ द्यायचा

पहिल्या वर्षी महिन्याला एक संध्याकाळ आणि दोन फोन. त्याहून जास्त घेतलंत तर तिसऱ्या महिन्यात दमाल. एकच काम घ्या आणि ते वर्षभर तुमचंच असू द्या. घेतलेलं काम जमत नसेल तर तीन दिवस आधी सांगा, कुणी काही म्हणणार नाही. शेवटच्या तासाला फोन बंद करणारा माणूस मात्र परत येत नाही, लाजेनंच येत नाही, आणि चांगली माणसं आम्ही अशी गमावली आहेत.

एक वही ठेवा

शंभर पानी, साधी. प्रत्येक कार्यक्रमानंतर अर्धं पान लिहा: किती माणसं आली, कुठल्या मिनिटाला उठली, काय विसरलं, कुणी काय विचारलं. मागच्या पानांवर शब्दांचे तीन रकाने आखा. पद सोडताना ही वही पुढच्या माणसाच्या हातात द्या. मला मिळालेल्या वहीत आधीच्या सरांनी पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "सभागृहाची दुसरी किल्ली चहावाल्याकडे." ती ओळ मला दोनदा उपयोगी पडली.

पुढच्या कार्यक्रमाची तारीख महाविद्यालयाच्या सूचना फलकावर किंवा उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर दिसेल, मराठी-कन्नड दैनिकांच्या स्थानिक पानावरही येते. वेळेच्या दहा मिनिटं आधी या, नोंदवहीत सही करा आणि मागच्या ओळीत, मिस्त्रींच्या शेजारी जागा धरा.